इंदूर शहराचा जमाखर्च

इंदूर शहरातील एखाद्या घरात सकाळी नळ सोडला, म्हणजे हंड्यात जे पाणी पडते ते बहुधा नर्मदेचे असते. नर्मदा मात्र इंदुरातून वाहत नाही. ती शहराच्या दक्षिणेस, विंध्य पर्वताच्या पलीकडे, निमाडच्या सखल प्रदेशातून पश्चिमेकडे जाते व अरबी समुद्रास मिळते. हंड्यातील हे पाणी वापरून झाले की ते मोरीतून गटारात आणि गटारातून पुढे खान नदीच्या खोऱ्यात उतरते. खान उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते, क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस व यमुना गंगेस. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी अशा रीतीने वाटेत इंदुराची तहान भागवते आणि बंगालच्या उपसागराच्या मार्गास लागते.

हा प्रवास पाणी आपण होऊन करीत नाही. पंप, नळ, टाक्या व गटारे यांच्या साहाय्याने मनुष्य तो घडवून आणतो. प्रत्येक महानगराचा असा एक जमाखर्च असतो. पाणी, धान्य, इंधन व वीज शहरात येतात, ती जमेची बाजू. सांडपाणी, केरकचरा व धूर शहराबाहेर जातात, ती खर्चाची बाजू. जमेच्या बाजूची चर्चा सर्वत्र होते. खर्चाच्या बाजूकडे पाहण्याचे मात्र सर्वजण टाळतात. इंदूर शहर अभ्यासण्याजोगे आहे ते याच कारणासाठी. या शहरात गेली शंभर वर्षे या दुसऱ्या बाजूचा विचार वारंवार झाला आहे, आणि त्या विचाराचे यश व अपयश ही दोन्ही येथे स्पष्ट पाहावयास मिळतात.

पाणलोटाच्या माथ्यावर

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर इंदूर वसले आहे. शहराच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर विंध्याचा माथा आहे. माथ्याच्या उत्तरेस पडणारा पाऊस गंगेच्या खोऱ्यात जातो व दक्षिणेस पडणारा नर्मदेच्या. जे गाव अशा पाणलोटाच्या माथ्याजवळ असते, त्याच्या वाट्याला मोठी नदी येत नाही. नद्या तेथे नुकत्या कोठे उगम पावत असतात. इंदुराच्या खान व सरस्वती या नद्या अशाच लहान आहेत. पावसाळ्यात त्या भरतात आणि उन्हाळ्यात आटतात.

मग येथे एवढे शहर वाढले कसे? याचे उत्तर भूगोलापेक्षा इतिहासात व व्यापारात आहे. अहिल्याबाई होळकरांच्या काळी राज्याचा कारभार नर्मदाकाठच्या महेश्वराहून चाले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. माळव्याची काळी जमीन, कापूस व अफू यांचा व्यापार आणि पठारावरील सोयीचे मार्ग यांमुळे या गावाची भरभराट झाली. पुढे १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि खांडव्याहून निघालेला लोहमार्ग नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढून इंदुरास पोचला. कापडाच्या गिरण्या निघाल्या व त्यांमागून कामगारांच्या वस्त्या उठल्या. १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाले, तेव्हा राजधानीचा मान भोपाळला मिळाला. पण राज्यातील सर्वांत मोठे शहर इंदूरच राहिले. २०११ च्या जनगणनेत इंदूर नागरी समूहाची लोकसंख्या २१ लाखांहून अधिक भरली.

थोडक्यात, राजधानी नदीकाठ सोडून पठारावर चढली आणि पाणी खालीच राहिले. त्यानंतरच्या काळातील इंदुराच्या अभियांत्रिकीचा बराच मोठा भाग म्हणजे ही एक तफावत भरून काढण्याचा प्रयत्न होय.

तलावांपासून नर्मदेपर्यंत

पहिला उपाय तलावांचा होता. होळकर संस्थानाच्या काळात सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला असे तलाव बांधण्यात आले. १९३९ साली गंभीर नदीवर यशवंत सागर हे मोठे धरण पुरे झाले. जादा पाणी सोडण्यासाठी या धरणास सायफन बसवले आहेत. सायफनचे तत्त्व सोपे व मनोरंजक आहे. तलावातील पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, म्हणजे ते वाकड्या नळाच्या माथ्यावरून पलीकडे पडू लागते व जाताना नळातील हवा ओढून नेते. नळ पाण्याने पूर्ण भरला की प्रवाह एकदम जोर धरतो. पातळी उतरून नळाच्या तोंडाशी हवा शिरली की प्रवाह आपोआप थांबतो. दार उघडण्यासाठी तेथे माणसाची वाट पाहावी लागत नाही.

तलाव पावसावर अवलंबून असतात, आणि पावसाने ओढ दिली की तलावांवर विसंबलेल्या शहराचा घसा कोरडा पडतो. लोकसंख्या वाढत गेली तशी ही अडचण असह्य झाली. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेचे पाणी शहरात आणावे यासाठी मोठे आंदोलन केले. मागणी धाडसाची होती, कारण नदी दूर होती आणि शिवाय खोल होती. अखेर योजना मंजूर झाली व १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात पोचले.

मंडलेश्वरजवळील जलूद येथे नदीतून पाणी उचलले जाते. तेथेच ते निवळवून व गाळून शुद्ध करतात. त्यानंतर एकामागून एक अशा पंपघरांच्या साहाय्याने ते घाट चढते. माथा गाठला की पुढचा प्रवास उताराचा असतो. नदीपासून शहरापर्यंतचे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. पुढील दशकांत योजनेचे आणखी टप्पे पुरे झाले. आज शहराची बहुतांश तहान याच नळांवर भागते. महेश्वर येथून जवळच आहे. दीड शतकापूर्वी राजधानीने जो नदीकाठ सोडला, त्याच काठावर शहराला पाण्यासाठी परत यावे लागले.

उंचीची किंमत

पाणी चढवण्यास किती श्रम पडतात, याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. ते अर्धा किलोमीटर, म्हणजे ५०० मीटर उंच चढवायचे, तर सुमारे ४९ लाख ज्यूल इतके कार्य करावे लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यावरून एक हजार लिटर पाण्यास किमान १.३६ युनिट वीज लागेल. परंतु कोणताही पंप घेतलेली सर्व ऊर्जा पाण्यास देत नाही आणि लांब नळांत घर्षणही होते. ही तूट धरली, तर हा आकडा दोन युनिटांच्या घरात जातो. एक कोटी लिटर पाण्यास, या हिशेबाने, वीस हजार युनिटे लागतील. आणि इंदुरास दररोज असे कित्येक कोटी लिटर पाणी लागते.

घरात गळणाऱ्या नळाकडे या दृष्टीने पाहावे. त्यातून पाण्याबरोबर वीजही गळत असते. हा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीवर सतत भार टाकतो. तो हलका करण्यासाठी इंदूर महानगरपालिकेने २०२३ साली जनतेस कर्जरोखे विकून २४४ कोटी रुपये उभारले. जलूद येथे ६० मेगावॉट क्षमतेचा सौर विद्युत प्रकल्प उभारावा व पंपांसाठी लागणाऱ्या विजेचा काही भाग सूर्याकडून मिळवावा, हा त्यामागील हेतू होय.

एका जीवशास्त्रज्ञाची दिवाळी

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास इंदुराच्या नगररचनेविषयी सल्ला देण्यास बोलावले. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ होते. शहराकडे ते सजीव प्राण्याकडे पाहावे तसे पाहत. प्राण्यास अन्नपाणी लागते, तसेच मलविसर्जनही करावे लागते. दोहोंपैकी एक बिघडले तरी प्राणी आजारी पडतो. त्या वेळी इंदूर खरोखरच आजारी होते. प्लेग व हिवताप यांनी लोक त्रस्त झाले होते. प्लेगाच्या पिसवा उंदरांवर वाढतात, उंदीर केरकचऱ्यावर व उघड्या धान्यावर वाढतात, आणि हिवतापाचे डास साचलेल्या पाण्यावर. रोगाचे मूळ शोधावयाचे, तर ते घराच्या मागील अंगणातच सापडे.

गेडिस यांनी शिक्षेची वा दंडाची भाषा वापरली नाही. दिवाळीच्या सणास जोडून त्यांनी एक भव्य मिरवणूक काढविली. मिरवणूक ज्या वस्तीतील लोक आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ ठेवतील त्या वस्तीतून जाईल, असे आधीच जाहीर करण्यात आले. मग काय विचारता! ज्या कोपऱ्यांना वर्षानुवर्षे केरसुणी लागली नव्हती तेथील कचऱ्याचे ढीग गाड्यांत भरून जाऊ लागले, घरांना नवा रंग लागला. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते आणि प्लेगाचा एक भला मोठा उंदीरही होता. या सर्वांत उल्लेखनीय गोष्ट अशी की, शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांना शुभ्र वस्त्रे व पुष्पमाला घालून मिरवणुकीत मानाने चालविण्यात आले. शेवटी उंदराचे व राक्षसांचे दहन झाले.

१९१८ साली गेडिस यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. आवश्यक तेवढेच काढावे, राहिलेले दुरुस्त करावे व मोकळ्या जागी बागा कराव्यात, असे त्यांचे मत होते. शहरातील मैला महागड्या नळांतून दूर वाहून टाकण्यापेक्षा त्याचे खत बागांना द्यावे, या विचाराकडेही त्यांचा कल होता.

नव्वद दिवसांचा ढीग

गेडिस यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी याच शहरात या विचारास प्रयोगाची जोड मिळाली. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने इंदूर येथील वनस्पती संशोधन संस्थेची सूत्रे हाती घेतली. भारतीय शेतकरी व पिकांवरील कीड या दोहोंना आपले गुरू मानणारा हा मनुष्य होता. कापसाच्या काड्या, उसाची पाचटे, तण, पालापाचोळा असा जो काडीकचरा शेतात वाया जातो, त्याचे उत्तम खत कसे करावे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. या कामी यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील पद्धतीस जगभर ‘इंदूर पद्धती’ हे नाव मिळाले.

या पद्धतीत काडीकचऱ्याच्या थरावर शेणाचा थर, त्यावर गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व थोडी राख पसरतात, आणि असे थर एकावर एक रचतात. ढीग ओला ठेवतात, पण चिखल होऊ देत नाहीत. ठरावीक दिवसांनी तो वरखाली करून हवा खेळती ठेवतात. कचरा कुजवणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांना हवा व ओल दोन्ही मिळाली, म्हणजे ते झपाट्याने वाढतात. त्यांच्या श्वसनामुळे ढीग इतका तापतो की आत हात घालवत नाही. त्या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी मरतात. सुमारे नव्वद दिवसांत ढिगाचे काळेभोर, भुसभुशीत व मातीसारखा वास असलेले खत होते. सेंद्रिय शेतीच्या आजच्या चळवळीत हॉवर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्यांच्याबरोबर इंदुराचेही.

सहा खण

एवढा वारसा असूनही शहर मध्यंतरी हे सर्व विसरले. देवगुराडिया येथील मैदानावर वर्षानुवर्षे कचरा टाकला गेला व त्याचे डोंगर उभे राहिले. अशा डोंगरात ओला कचरा प्लास्टिकखाली दडपला जातो. आत हवा शिरत नाही. ढीग कुजतो, पण हॉवर्ड यांच्या ढिगासारखा नव्हे. त्यातून मिथेन वायू निघतो, कधी पेट घेतो, आणि काळे पाणी झिरपून विहिरींत उतरते.

२०१६ च्या सुमारास महानगरपालिकेने घरोघर जाऊन कचरा गोळा करण्यास आरंभ केला. रस्त्यांवरील कचराकुंड्या काढून टाकल्या आणि घरातच ओला व सुका कचरा वेगळा करण्याचा आग्रह धरला. आता गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, विद्युत उपकरणांचा, घातक व स्वच्छताविषयक अशा सहा प्रकारच्या कचऱ्यासाठी निरनिराळे खण असतात. देवगुराडियाचे जुने डोंगर २०१८ मध्ये उपसून, चाळून संपविण्यात आले. २०१७ पासून २०२३ पर्यंत राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदुराने दर वेळी पहिला क्रमांक मिळविला. २०२३ साली हा मान सुरतेसह विभागून मिळाला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणारा कारखाना याच शहरात सुरू झाला. येथील सूक्ष्म जीव हॉवर्ड यांच्या ढिगातील जीवांहून निराळे आहेत. ते बंद टाकीत, हवेवाचून जगतात व मिथेन निर्माण करतात. वायू शुद्ध करून, दाबून भरला की त्यावर शहरातील बसगाड्या चालतात. कारखान्याची क्षमता दररोज १७ हजार किलो वायूची आहे. टाकीत उरलेल्या चोथ्याचे खत होते. मात्र टाकीत काच, धातू वा घातक रसायने आली, तर यंत्रे बिघडतात व जीव मरतात. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या या कारखान्याचे चालणे स्वयंपाकघरातील एका साध्या कृतीवर अवलंबून आहे. भाजीची साले एका डब्यात व जुने विजेरीचे सेल दुसऱ्या डब्यात गेले पाहिजेत. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीने साधले, ते हेच लोकांचे सहकार्य होते.

जमिनीखालचे नळ

केरकचरा डोळ्यांस दिसतो, म्हणून तो दूर करण्याची निकड वाटते. जमिनीखालील नळ कोणासही दिसत नाहीत. खान व सरस्वती या नद्यांत उघडपणे पडणारी सांडपाण्याची हजारो तोंडे इंदुराने बंद केली, आणि २०२१ साली सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल देशात प्रथमच दिला गेलेला ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळविला. हे काम मोठे होते. खानेचे पाणी उज्जैनला क्षिप्रेत जाते, व तेथे सिंहस्थात लक्षावधी लोक स्नान करतात. २०१६ च्या सिंहस्थासाठी तर खानेचा प्रवाह नळाने वळवून क्षिप्रेच्या घाटांपासून दूर न्यावा लागला होता. एका शहराचा खर्च खालच्या शहराच्या खाती कसा जमा होतो, याचे हे उदाहरण होय.

तरीही २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळांना दूषित पाणी आले. उलट्या व जुलाबांची साथ पसरली, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि अनेकांनी प्राण गमावले. मुख्य जलवाहिनीस गळती होती व त्या जागेवरच शौचालय बांधले गेले होते, असे तपासात आढळले.

असे का घडू शकते? नळात पाणी दाबाने वाहत असते, तेव्हा छिद्रातून पाणी बाहेर पडते. बाहेरचे आत येत नाही. परंतु भारतातील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. पुरवठा बंद झाला की नळातील दाब उतरतो, आणि आसपासच्या मातीत मुरलेले मैलापाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते. पुढच्या वेळी पाणी सोडले की ते थेट घरांत पोचते. सत्तर किलोमीटर दूर, अर्धा किलोमीटर खोल असलेल्या नदीतून, शुद्ध करून आणलेले पाणी शेवटच्या काही हातांच्या अंतरात विषारी होते. यावर उपाय नवे नाहीत. पिण्याचा नळ व मैल्याचा नळ यांत पुरेसे अंतर ठेवावे आणि पिण्याचा नळ वरच्या पातळीवर असावा. जुने नळ वेळीच बदलावेत. नळात सतत दाब राहील असा पुरवठा असावा. वस्तीच्या अगदी टोकाच्या नळावर पाण्यातील उर्वरित क्लोरीन दररोज तपासावे. आणि पाण्यास वास येतो अशी पहिली तक्रार आली, की त्याच दिवशी कोणीतरी जमीन खणून पाहावी.

मे २०२५ मध्ये इंदुरात मेट्रो रेल्वेचा पहिला, सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. असे काम सर्वांना दिसते व त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण भागीरथपुऱ्यातील नळदुरुस्तीचे उद्घाटन करण्यास कोणी जात नाही. कोणत्याही महानगराच्या अंदाजपत्रकात या दोन कामांचे प्रमाण काय आहे, हे नागरिकांनी अवश्य पाहावे.

प्रत्येक शाळेस आपल्या गावाचा असा जमाखर्च मांडता येईल. शाळेच्या नळाचे पाणी कोणत्या नदीतून, किती उंच चढून येते? मोरीतून गेलेले पाणी पुढे कोणत्या गावाच्या नदीत उतरते? डब्यातील केराचे संध्याकाळपर्यंत काय होते? पहिल्या प्रश्नासाठी नकाशा पुरेल. दुसऱ्यासाठी पायपीट करावी लागेल. तिसऱ्याचे उत्तर कचरागाडीवरील कामगाराला विचारावे. ते त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासण्याची साधी पेटी शाळेच्या प्रयोगशाळेत असेल, तर ती महिन्यातून एकदा तरी उघडावी. पाण्यात दोन थेंब द्रावण टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर ती गोष्ट त्याच दिवशी नगरपालिकेस कळविणे हे त्या वर्गाचे काम आहे.